शेजारणीनं पुढे दिलेली पोथी

२००६ साली मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि देव आपल्या घराण्याचं ऐकतो याची मला पक्की खात्री होती. शाळा माझी दुसरीत सुटली. पुढचं सगळं आयुष्य तांब्या-पितळेची भांडी ठोकण्यात गेलं. पण गावात मला मान होता तो पोथीमुळे. दत्तमहाराजांची आमच्या घरातली पोथी मी दर वर्षी सात दिवसांत वाचून पुरी करायचो, आणि चार माणसं ऐकायला येऊन बसायची.

खरं सांगायचं तर मला ती वाचता येत नव्हती. वडील वाचायचे, मी भांडं ठोकता ठोकता ऐकायचो, आणि हातोडीच्या तालावर ती मला सगळी पाठ झाली. वडील गेल्यावर मी पोथी पुढ्यात घेऊन पाठ म्हणायला लागलो. मधूनमधून अंदाजानं पान उलटायचं. चाळीस वर्षं हे कुणाला कळलं नाही असं मी धरून चाललो होतो. माझी बायको सुमन सातवी शिकलेली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं पोथी वाचायला मागितली. बायकांनी ही पोथी वाचायची नाही असा आमच्याकडे दंडक. तो मी तिला ऐकवला, जरा मोठ्यानंच. दंडकाचं निमित्त होतं. ती माझ्यापेक्षा बरी वाचेल याची मला धास्ती होती. हे लिहिताना आजही हात अडतो.

मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हॉलंडात, हेगच्या शेजारी फोरबर्गला राहायचा. सुनेला, मीनलला, सातवा महिना लागला म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. पोथी मी सोवळ्यात गुंडाळून बरोबर नेली होती. शेजारी खेर्डाबाई म्हणून एक म्हाताऱ्या शिक्षिका एकट्या राहायच्या. त्यांनी एकदा आम्हाला जेवायला बोलावलं. संध्याकाळी सहाला जेवण, उन्हं अजून डोक्यावर. उकडलेले बटाटे, वाटाणे. जेवण झालं तरी कुणी उठेना. बाईंनी त्यांचं धर्माचं पुस्तक काढलं आणि उष्ट्या ताटांसमोरच वाचायला लागल्या. मला ते रुचलं नाही. थोडं वाचून त्यांचे डोळे शिणले, तशी त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी उचलून मीनलपुढे धरलं. मीनल तिथली भाषा शिकलेली, तिनं पुढचं वाचलं. त्यांच्याकडे तशीच रीत. एक थकला की दुसऱ्यानं घ्यायचं, बाई असो की गडी.

मग बाई बोलत होत्या आणि मीनल आम्हाला सांगत होती. फार पूर्वी हे पुस्तक फक्त पाद्री लोकांच्या भाषेत होतं. साध्या माणसानं ते आपल्या भाषेत वाचलं तर शिक्षा व्हायची, कुणाकुणाला जाळलंसुद्धा. तरी लोक वाचत राहिले, गावामागून गाव त्या वाचणाऱ्यांच्या नव्या पंथात जात राहिलं, आणि शेवटी त्यांनी देवळातल्या मूर्तीही फोडल्या. बाईंच्या घराण्यातला कुणी पूर्वज विणकर होता, त्याला अक्षरओळख नव्हती. त्याची बायको लोण्याच्या पिपात पुस्तक लपवून ठेवायची, ती वाचायची आणि तो मागावर बसून ऐकायचा.

मी मीनलला म्हटलं, "सांग त्यांना, बायकांच्या हातात पोथी गेली की देव घर सोडतो. म्हणून तर यांची देवळं रिकामी."

मीनल नको म्हणत होती, पण मी सांगायला लावलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे तर तो चारशे वर्षं रोज सहाला जेवायला असतो. तुमच्याकडे कधी येतो?"

सुमन पदर तोंडाला लावून हसली. मी घरी येऊन तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

पुढच्याच आठवड्यात मीनलला रक्तस्राव सुरू झाला. दवाखान्यात ठेवलं, मुलगा तिच्यापाशी. मी सात दिवसांचा सप्ताह धरला. बाळ सुखरूप राहू दे, एक ओवी गाळणार नाही, असा शब्द महाराजांना दिला. सुमन नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ऐकायची.

पाचव्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. रक्त पुन्हा जातंय, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस बघू. मी आंघोळ करून पाटावर बसलो, डोळे मिटले आणि सुरू केलं. एका अध्यायात एक ओवी म्हणून पुढे गेलो, आणि थोड्या वेळानं तीच ओवी परत तोंडात आली. पुन्हा पुढे गेलो, पुन्हा तीच. बैल घाण्याला फिरतो तसा मी तिथल्या तिथे फिरत होतो. पुढचं काही केल्या आठवेना. समोर पान उघडं होतं, सगळं त्यावर लिहिलेलं होतं, आणि माझ्या दृष्टीनं ती नुसती काळी रांग. सातवी शिकलेली बायको चार हातांवर बसलेली. तिला फक्त एक शब्द विचारायचा होता. नातवंडाचा जीव एका बाजूला आणि माझं नाक एका बाजूला, आणि मी गप्प बसलो. याहून मोठं पाप माझ्या हातून झालेलं नाही.

तेवढ्यात बेल वाजली. खेर्डाबाई मीनलची चौकशी करायला आल्या होत्या. आत पोथी चाललेली बघून त्या हात जोडून खुर्चीत टेकल्या. त्यांनी वाट बघितली. मग त्यांना वाटलं असावं, म्हाताऱ्याचे डोळे शिणले. त्या उठल्या, माझ्या पुढ्यातली पोथी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि सुमनपुढे धरली, बटाट्यांच्या ताटांवरून मीनलपुढे पुस्तक धरलं होतं तशीच. सोवळं, दंडक, त्या बाईला काय ठाऊक?

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. मी मान खाली घातली. तिनं उघडं पान वाचलं नाही. ती पानं मागे मागे उलटत गेली, एका जागी बोट ठेवलं आणि मी जिथं अडकलो होतो तिथून बरोबर पुढचं वाचायला लागली. कुठं अडखळली नाही.

बाई गेल्यावर मी विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या वर्षापासून. पान भलतंच आणि अध्याय भलताच असायचा, अहो."

"आणि एवढं सरळ वाचायला कधी शिकलीस?"

"तुम्ही दुकानात गेलात की वाचायची. दुपारी, रोज एक अध्याय. मग होती तशी बांधून ठेवायची." पोथी बांधता बांधता म्हणाली, "देव काही बोलला नाही कधी."

त्या विणकराच्या बायकोनं पुस्तक पाद्र्यांपासून लपवलं होतं. माझ्या घरात पोथी माझ्यापासून लपवून वाचावी लागत होती.

संध्याकाळी फोन आला, रक्त थांबलं. पुढे नात झाली, ती आता सायकल चालवते. हे कशामुळे झालं ते मी सांगत नाही. डॉक्टर हुशार होते. मला एवढंच कळलं, की महाराजांपुढे इतकी वर्षं मी डोकं टेकवत होतो, मान मात्र ताठ ठेवून. ती वाकवायला त्यांनी परधर्माची, माझी भाषा न कळणारी एक म्हातारी पाठवली. तिचे उपकार फिटायचे नाहीत. ही वेडीवाकडी अक्षरं मला पुढे सुमननंच शिकवली.

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. आंघोळ केली, पाट मांडला, पोथी सोडून ठेवली. ती बाहेर आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराशी, तिच्या जागेवर बसलो होतो. तिथून पान दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. "वाच," एवढंच म्हणालो, आणि हात जोडले.