म्वादिमेचा आकडा

म्वादिमे शाळेत आला तो गवत कापायला. बाटल्या धुता धुता द्रावणं करायला शिकला, आणि सव्वीस वर्षांत टैटा डोंगरावरच्या या मुलींच्या शाळेची प्रयोगशाळा त्याच्याच हाताखाली आली. परीक्षेच्या दिवशी मुलींच्या उत्तरपत्रिकांबरोबर शाळेचाही एक आकडा बोर्डाकडे जाई. रंग पालटेपर्यंत किती द्रावण लागलं, याचा तो आकडा; मुलींचंच द्रावण घेऊन तो म्वादिमे काढी, आणि मुलींचे आकडे त्याच्याशी ताडून गुण मिळत.

सराव परीक्षेत अडतीस मुलींचा आकडा आला बावीसच्या आसपास. म्वादिमेचा साडेतेवीस.

"एकमेकींचं बघून लिहिलंत!" रसायनाचे मुटिसो सर कडाडले.

वाकेशो उभी राहिली. "सर, अडतीस जणी चुकल्या आणि म्वादिमेबाबा एकटे बरोबर?"

वर्ग फिस्सकन हसला. वाकेशोला वडिलांना घेऊन ये म्हणून घरी धाडलं. वडील दूर मोम्बासाला गोदीत कामाला, आणि खरी परीक्षा मंगळवारीच.

म्वादिमे जेवायला न जाता प्रयोगशाळेत परतला. दुपारी त्याने एकट्याने पुन्हा मांडामांड केली. ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडत, पांढऱ्या फरशीवर फ्लास्क हलवत राहिला. त्याला नुसतं पाणीच दिसत होतं. स्वयंपाकीण म्कावासी दारावरून चालली होती, तिला त्याने हाक मारली.

"हे बघ गं, कुठला रंग?"

"गुलाबी. फिक्का, पण गुलाबीच! डोळे काय मक्याच्या उगालीच्या पातेल्यात विसरलास?"

"हं," म्हणून त्याने ब्युरेट वाचली. बावीस पॉइंट एक.

मुख्याध्यापिकाबाई हजेरीवर सह्या करत होत्या. म्वादिमे उभ्यानेच बोलला. "मॅडम, चूक माझी आहे. मला फिकट रंग दिसत नाही. पोरीला बोलावून घ्या."

बाईंनी पेन ठेवलं. मुटिसो सरांना बोलावून तिथल्या तिथे त्यांच्याकडून वाकेशोच्या घरी फोन करवला. सरांना ते जड गेलं, तरी बोलले. उद्या सकाळच्या गाडीने ये, वडील नकोत.

म्वादिमेने प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्याला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल.

"कधीपासून दिसत नाही?" बाईंनी विचारलं.

"नीटसं सांगता येत नाही. बरेच दिवस."

"गेल्या वर्षी बोर्डाला आकडा कुणी दिला?"

मुटिसो सर खिडकीबाहेर बघू लागले. गेल्या वर्षी रसायनात शाळा कधी नव्हे इतकी खाली गेली होती. नर्सिंगला एकही मुलगी लागली नाही. पालकसभेत सरांनी पोरींनाच आळशी म्हटलं होतं, आणि मागच्या बाकावर बसून म्वादिमेनेही मान डोलावली होती.

"मीच," तो म्हणाला.

"एकेचाळीस मुली होत्या."

"हो मॅडम. सगळ्यांची नावं पाठ आहेत मला."

बाईंनी बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला, वर बोर्डाचा पत्ता लिहिला आणि म्हणाल्या, "सांगा."

म्वादिमे एकेक नाव सांगू लागला.