फोटूतला म्हातारा मीच

फाट्यावर एसटी येऊन थांबली आणि बापानं माझ्या कमरेचा चांदीचा करदोडा सोडवून घेतला. चौथीतनं शाळा सुटलेली, अंगावर तेवढाच एक दागिना. मला रडू आलं. चुलता गाडीत चढून बसला होता, कंडक्टर घाई करत होता, आणि बाप म्हणाला, "सोन्याच्या कामाला चाललाईस. अंगावर चांदी दिसली की लोक संशय घेत्यात. पोटाला कमी पडलं तर चालंल, नावाला डाग नगं." गाडी हलली तेव्हा आई रस्त्याकडं पाठ करून उभी होती. मला वाटलं रागावली. पुढं मला पोरंबाळं झाली तेव्हा कळलं की ती का वळली होती.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं. तेव्हा रान कोरडं. बाजरी आली तर आली. म्हणून आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेली. सोनाराकडची मोडतोड, दुकानातली झाडलोट आणायची, मुशीत वितळवायची, तेजाबात टाकून चांदी-तांबं वेगळं काढायचं आणि चोख सोनं परत करायचं. तेजाब म्हणजे ॲसिड. आज असा एक बाजार दाखवा जिथं सोनार आहे आणि आमचा माणूस नाही. मी हे लिहितोय ते त्या सगळ्यांसाठी, आणि जे गावातच राहिले त्यांच्यासाठीही. शाळा कमी आहे, पण तीन लिप्यांतल्या पाट्या वाचतो, आणि हे कुणाकडनं लिहून घेतलेलं नाही.

चुलत्यानं मला मदुराईच्या अलीकडं एका बाजाराच्या गावात नेलं. तिथंच माझा जन्म गेला. पहिलं वर्षभर भात गिळवत नव्हता, भाकरीसाठी जीव तुटायचा. आता गावाकडं आलो की दुसऱ्या दिवशी रस्सम आठवतं. तिथं मी 'सेट्टू', म्हणजे शेठ. समोर चहाचं दुकान कादरचं. तिकडं मुसलमान माणसाला सगळे भाई म्हणतात, म्हणून तो भाई. तो माझ्या तमिळला हसायचा, मी त्याच्या चहाला नावं ठेवायचो, आणि त्याच्या दुकानाची फळी उघडल्याशिवाय माझी भट्टी पेटत नव्हती. माझी बायको आजारी पडली तेव्हा तिला दवाखान्यात नेताना पुढं रिक्षावाल्याशी भांडत बसलेला माणूस तोच. ती गेली तेव्हा मला जेवायला लावणाराही तोच.

तेव्हा गावची खबर यायला किती वेळ लागायचा. माझी चुलती वारल्याचं पत्र तिचं तेरावं उरकल्यावर मिळालं. आम्ही तिकडं सुतक पाळलं तेव्हा इकडं सगळे कामाला लागले होते. आता तसं नाही. आता माझ्या कपाळावरची जखम धुऊन व्हायच्या आत तिचा फोटू गावात पोचला.

झालं असं. यंदा गावच्या यात्रेच्या आधी एका सकाळी मी दुकानाच्या पायरीवर तेजाब कॅनमधनं बरणीत ओतत होतो. वास आत कोंडू नये म्हणून हे काम आम्ही बाहेरच करतो. पाय सरकला. कपाळ पायरीवर आपटलं आणि तेजाब छातीवर, खांद्यावर आलं. आता गलाईवाल्याला पहिल्या दिवशी भट्टी शिकवत नाहीत. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की अंगावर तेजाब सांडलं तर लाजायचं नाही, कापड टराटरा फाडून काढायचं आणि हाताला येईल तेवढं पाणी ओतायचं. आमच्या गावात हे म्हाताऱ्या बायकांनाही पाठ आहे. कादरनं माझ्यासमोर बसून एवढी वर्षं काढली, त्यालाही पाठ. तो धावत आला, गळपट्टीला धरून त्यानं माझा सदरा फाडला, आणि त्याच्या मेव्हण्यानं स्टीलचं कुडम, म्हणजे तिकडची घागर, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून माझ्यावर रिकामं केलं. मग दुसरं. मग तिसरं. डॉक्टर म्हणाला, पाणी वेळेवर पडलं म्हणून कातडं वाचलं.

समोरच्या लॉजच्या गॅलरीतनं कुणीतरी फोटू काढला होता. पाणी पडायच्या आधीचा. मी तो नंतर पाहिला. उघडा म्हातारा रस्त्यात पडलाय, कपाळाला रक्त, टोपी घातलेला दाढीवाला त्याचा सदरा फाडतोय, आणि मागं एकानं जड भांडं डोक्यावर उगारलंय. खाली मराठीत लिहिलेलं की दक्षिणेत आपल्या गलाईवाल्यांवर हल्ले सुरू झालेत, म्हाताऱ्यांनाही सोडत नाहीत, जागे व्हा. सोबत जळत्या बाजाराचा आणखी एक फोटू. तो कुठला, देव जाणे. आमच्या गल्लीत त्या दिवशी पेटलं होतं ते फक्त कादरच्या चहाचं चुलाण.

आमच्या गावाच्या ग्रुपवर हे टाकलं माझ्या सख्ख्या पुतण्यानं, संतोषनं. त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तात्या, तुमच्या शेजारी कोण उभं हाय? दबाव असंल तर नुसतं व्हय म्हना." मी शिव्या घातल्या. त्याचाही अर्थ त्यानं दबावच लावला, की तात्या कधी असं बोलत नाहीत. माझ्या पोरानं मग मला खुर्चीवर बसवून व्हिडिओ काढला आणि पाठवला. त्यावर गावातनं उत्तर आलं की म्हातारा घाबरलेला दिसतोय, डोळे बघा. तेजाबाची वाफ लागली म्हणून डोळ्यात औषध घातलं होतं.

सोनं खोटं आहे का ते तेजाब सांगतं. फोटू कशात टाकायचा?

तरी मी गप्प बसलो असतो. चार दिवसांत विसरतील म्हटलं. पण मग सर्जेरावचा फोन आला. सर्जेराव माझ्या बरोबरीचा, कानपूरला भट्टी चालवून आता गावात परत आलेला. त्यानं सांगितलं की पोरांनी ठरवलंय, यंदा यात्रेला दस्तगीरला बोलवायचं नाही, आणि त्याच्या मटणाच्या दुकानावरही कुणी जायचं नाही.

बाहेरच्यांना सांगतो. आमच्याकडं म्हसोबाच्या यात्रेला बकरं पडतं ते मुलाण्याच्या हातानं. दस्तगीरच्या घराकडं तो मान बापजाद्यापासनं आहे. गावातला माणूस नारळ घेऊन त्याच्या दारात बोलवायला जातो, तो येतो, दुवा म्हणतो, सुरी फिरवतो, आणि मगच आमच्या बायका चुली पेटवतात. मी आणि दस्तगीर एका ओढ्यात पोहायला शिकलो. मला तेजाब लागलं त्याची शिक्षा त्याला, जो मदुराई कुठल्या दिशेला आहे तेही सांगू शकणार नाही.

मी पोराला म्हणालो, तिकीट काढ. तो म्हणाला, जखमा ओल्या आहेत, डॉक्टर नको म्हणतोय, तुम्ही जाऊन काय होणार. सून म्हणाली, गर्मीत मरायला चाललाय. कादरनं इडल्या बांधून दिल्या आणि विचारलं, मी पण येऊ का. मी नको म्हणालो. त्याला आणून गावासमोर उभा करायचा तो काय आरोपी आहे?

फाट्यावर उतरलो तर संतोष गाडी घेऊन उभा. तो पाया पडला आणि माझ्या छातीवरची पट्टी बघून त्याचे डोळे परत भरले. पोरगा वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितो. धाकटा भाऊ गेल्यावर त्याला मीच शिकवला. गाडीत तो म्हणाला, "तात्या, तुमच्यासाठीच टाकला फोटू. माझ्यानं बघवंना."

"माझ्यासाठी टाकलास, तर माझ्यासाठी पुस."

"आता माझ्या एकट्याच्या हातात ऱ्हायलंय व्हय? कुठं कुठं गेलाय त्यो."

"तुझ्या हातात जेवढा हाय तेवढा पुस."

त्यानं गाडी कडेला लावून पुसला. मग गाडी परत रस्त्याला लागली. दोन्ही बाजूला ऊस आणि द्राक्षं. पाण्याची योजना आल्यापासनं आमचं रान ओळखू येत नाही. माझ्या वेळी हे असतं तर मी गेलोच नसतो, असं दरवर्षी मनात येतं. यंदा आलं नाही.

संध्याकाळी देवळापुढं यात्रेची बैठक होती. मी पायरीवर बसलो, बटणं सोडली आणि पट्टी काढली. छातीवर, खांद्यावर पिवळे तपकिरी डाग. बसलेल्यातले निम्मे गलाईवाले, यात्रेसाठी कुठनं कुठनं आलेले.

"सर्जेराव, हे कशाचं?"

"तेजाबाचं की."

"बुक्क्या मारून कातडं पिवळं पडतं व्हय रं?"

मागं कुणीतरी हसलं. मी संतोषच्या शेजारच्या पोराकडनं फोन मागितला, फोटू उघडायला लावला आणि सर्जेरावच्या हातात दिला. म्हणालो, खालचं वाचू नगं, नुसतं बघ. ह्यो गडी काय करतोय? सर्जेरावनं फोन लांब धरला, जवळ धरला, चष्मा धोतराला पुसला.

"कापाड फाडतोय," तो म्हणाला. "आन् मागचा पानी वततोय."

मी एकेकाचं तोंड बघत होतो. ह्या माणसांनी आपापल्या पोरांना हेच शिकवलंय. फोटूत तेच होतं, आणि सगळ्या गावाला मारामारी दिसली. मी विचारलं, "एकालाबी हे दिसलं न्हाई?"

"खाली लिवलं हुतं न्हवं तसं," मागनं एकजण म्हणाला.

एक तरणा पोरगा उठला. नीट बोलला, उर्मट नव्हता. म्हणाला, "आवं तात्या, तुमचं खोटं निघालं म्हणून बाकीचं खोटं हाय का? दुसरीकडं होतंयच की."

"दुसरीकडचं मला ठावं न्हाई. तुलाबी न्हाई. ह्यो फोटू माझा हाय, आन् दस्तगीर ह्या गावचा हाय. तेवढ्याचं बोल."

माझं बकरं दुसऱ्याच्या हातानं पडणार नाही, मी ते जिवंत परत नेईन, एवढं सांगून मी उठलो आणि सरळ दस्तगीरच्या घरी गेलो. मला वाटलं, तो गळ्यात पडेल. खोटं कशाला लिहू, मी त्याच तोऱ्यात गेलो होतो. तो ओट्यावर सुऱ्या तेल लावून फडक्यात गुंडाळत होता. जखम बघून म्हणाला, "हळद लावू नगंस, वली ऱ्हाती." मी बैठकीतलं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "तू दोन दिसांनी जाशील, गड्या. परत दुसरा फोटू येईल. तवा कोन सदरा काढंल? मला हितंच ऱ्हायाचंय."

चहा आला, तो पिऊन मी उठलो.

यात्रेच्या सकाळी सर्जेराव आणि तीन म्हातारे नारळ घेऊन त्याच्या दारात गेले. संतोषही गेला, मी सांगितलं नव्हतं. दस्तगीर आला. पण पोरांचा एक घोळका अडला तो अडलाच, त्यांनी तालुक्याहून दुसरा माणूस आणला होता. यंदा माझ्या आठवणीत पहिल्यांदा गावात दोन जागी बकरी पडली आणि दोन जागी पंगती बसल्या. माझ्या पंगतीला जुनी माणसं जास्त होती. मटणाला चव होती. गप्पा कमी होत्या.

दुसऱ्या दिवशी गलाईवाले निघाले. आमच्या गावात बंगले लय मोठे आहेत, कोची, कानपूर, नेल्लोरच्या कमाईचे. यात्रा झाली की रांगेनं कुलपं लागतात. माझाही तसाच. इतकी वर्षं घर म्हणजे माझ्यासाठी वर्षातनं एकदा उघडायचं कुलूप होतं, आणि गाव म्हणजे तिकडं बसून आठवायची गोष्ट. मी फुशारकीनं सांगायचो की मी गाव सोडलं पण गावानं मला सोडलं नाही. ते खरं नव्हतं. माणूस समोर नसला की त्याच्या जागेवर त्याचा फोटू येऊन बसतो, आणि फोटूच्या तोंडी कुणीही काहीही घालतं. बापानं ज्या नावाला जपायला सांगितलं ते माझं नाव गावात मी नसताना दस्तगीरच्या विरोधात वापरलं गेलं. ते मी मदुराईकडं बसून धुऊ शकलो नाही.

पोराला फोन केला, परतीचं तिकीट रद्द कर. तो म्हणाला, भट्टीचं काय. म्हटलं, तुला शिकवलीय. कादर फोनवर रागावला, मग म्हणाला की तुमच्या वाटणीचा चहा मी रोज गटारात ओतेन. ज्या गावात माझा जीव वाचला ते मी सोडलं, दुसऱ्यांदा घर सोडल्यासारखं. पण तिथं माझ्याबद्दल कुणी खोटं बोललं तर कादर उभा आहे. इथं कुणी नव्हतं.

आता बंगल्याच्या सगळ्या खिडक्या उघड्या असतात. सकाळी मी दस्तगीरच्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसतो. गिऱ्हाईक अजून पहिल्याइतकं नाही. काही पोरं मला बघून पलीकडच्या बाजूनं जातात, काही थांबून राम राम करतात, आणि राम राम केल्यावर रिकाम्या हातानं जायला त्यांना अवघड होतं. दस्तगीर म्हणतो, तू बसून माझ्या गिऱ्हाइकांना भेव घालतोस. मी म्हणतो, घालतो.

पाठ दुखते, उन्हाळा वाढलाय. पण ज्याला माझा फोटू पुढं पाठवायचा असेल त्यानं आधी इथं येऊन माझं तोंड बघावं. मी उठणार नाही.