हळद कोणी दळली?

आमच्या धवलारीण मावशीला लग्नाचं बोलावणं करायला गेलं, की मुलगी कुणाची, मुलगा काय करतो, असलं काही ती विचारायची नाही. पुढे केलेला नारळ मांडीवर ठेवायची आणि पहिला प्रश्न टाकायची, "संडास मांडवापासना किती लांब हाय?"

पनवेलच्या खाडीकडच्या आमच्या आगरी गावात लग्न लावायला भटजी येतात हे खरं, पण धवलारीण आल्याशिवाय लग्नाला लग्नपण येत नाही. प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, त्यांना धवले म्हणतात. ती ओळ सांगते, मागे बसलेल्या बायका ती उचलतात. मावशी आमची शेजारीण, आईची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा आवाज असा, की तिने तोंड उघडलं की डीजेवाला आपणहून बटण खाली करायचा. आणि एवढ्या गुणी बाईच्या पोटात देवाने एक नाठाळ मोठं आतडं घालून ठेवलं होतं. बसल्या जागी कळ यायची, रक्त पडायचं, आणि कळ आली की मुहूर्तबिहूर्त काही नाही, उठायचं म्हणजे उठायचंच.

सुरुवातीला आमच्या घरात सगळ्यांनी तिला मूळव्याधच ठरवली. मग ताक झालं, इसबगोल झालं, बेलाचा मुरंबा झाला. एकाने सांगितलं पोटात आव आहे, दुसऱ्याने सांगितलं उष्णता आहे, आणि माझ्या आजीने दोघांनाही मोडीत काढून नजर उतरवली. मग पनवेलच्या एका डॉक्टरांनी आतड्याचा क्षय म्हणून गोळ्या चालू केल्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एका सकाळी ती परसातून थेट आमच्या ओटीवर आली आणि आईला म्हणाली, "अगो, मना पन हलद लागली!" आई हसून हसून भिंतीला टेकली. आजार मात्र होता तिथेच होता.

तेव्हा आमच्याकडे जमिनी सरकारकडे जात होत्या आणि मोबदल्याच्या पैशांतून बंगले येत होते. देवघराला संगमरवर, जिन्याला पितळी कठडा, आणि संडास मात्र मागे, केळीखालून चिखल तुडवत जायचं. म्हणून मावशी लग्नघरी शिरली की आधी मागे जायची. कडी लागते का, बादलीत पाणी आहे का, वाटेत कुत्रं बांधलंय का, सगळं बघून यायची आणि मगच मांडवात बसायची. आता हे कशासाठी, ते तिने आमच्या घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकांची समजूत अशी झाली की हाही एक विधीच असणार, आपल्याला कुणी नीट शिकवला नाही इतकंच. मग कुणी तिथे रांगोळी काढू लागलं, कुणी दाराला हळदीकुंकू लावू लागलं. एका हौशी वरमाईने तर संडासाला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं आणि मावशी आत असताना बाहेर निरांजन घेऊन उभी राहिली. मावशी बाहेर आली, निरांजन पाहिलं, आणि तोंडावर पदर घेऊन हसू दाबत सरळ मांडव गाठला. पुढे मात्र गावात संडास एकदम लखलखीत झाले.

गाता गाता कळ आली, की मावशी नुसती मान हलवायची आणि उठायची. ती परत येईपर्यंत मागच्या बायकांनी शेवटची ओळ धरून ठेवायची, असं ठरूनच गेलं होतं. एका हळदीला ती नेमकी "हलद कोनी दलली?" या ओळीवर उठली. उत्तराची ओळ तिच्याकडे. बायका बिचाऱ्या विचारतायत, हळद कोणी दळली, हळद कोणी दळली. नवरा पाटावर अवघडलेला, व्हिडिओवाल्याचा हात दुखायला लागलेला, बायका विचारतातच आहेत. शेवटी नवऱ्याचा मामा मांडवाबाहेरून ओरडला, "अरे मीच दलून आनली, कामोठ्याच्या गिरनीतना! आता फुडं चला!" एवढा हशा झाला की नवऱ्याच्या अंगावर हळदीची अख्खी वाटी सांडली.

क्षयाच्या गोळ्यांनी गुण येईना तेव्हा आईने मला मावशीबरोबर मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. तिथे दुर्बिणीने तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, हा आजार परदेशात जास्त, आपल्याकडे आधी क्षय आणि आवच आठवते, त्यामुळे अशा पेशंटची वर्षं वाया जातात. मावशीने विचार केला आणि म्हणाली, "परदेशातला? मंग तो कंटेनरमदना आला आसंल, न्हावा शेव्याला उतरला आसंल. आमचं गाव वाटंवरच हाय." डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून हसत राहिल्या.

नवीन गोळ्यांनी रक्त थांबलं आणि मावशीचा चेहरा पुरीसारखा टम्म फुगला. तो गोळ्यांचा परिणाम होता, पण गावाला काय! जो तो म्हणे, मावशी सुधारली, अंगाला लागलं, आता दृष्ट काढ. मावशीलाही ते गोड वाटलं. आरशात गाल दाबून बघायची. "रोग गेला, गाल आलं," असं म्हणून तिने कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. मी पुष्कळ भांडले. "गो बाय, बऱ्या मानसाला औषद कशाला?" हे तिचं उत्तर. महिनाभरात गालही गेले आणि ती एका लग्नघरी संडासाच्या दारातच पडली. तिचं लुगडं रक्ताने भिजलं होतं. त्या दिवशी टेम्पोत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि ती मात्र पुटपुटत होती, "त्या बाया आजून त्याच ओलीवर आसतील गो."

मोठं आतडं काढावंच लागलं. पोटाला भोक, त्यावर पिशवी, आणि ती कायमची. ऑपरेशनच्या आधी तिने जगेन की मरेन हे विचारलं नाही. विचारलं, "पिशवी लावून धवले गाता येतात काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुशाल गा. मावशी नंतर मला म्हणाली, "तिला काय ठाव? देवाची गानी, हलदीचा ताट, आनि धवलारनीच्या पोटाला घानीची पिशवी. कोन बसू देल मना?"

घरी आल्यावर तिने गाणं टाकलं. पोटात कळ नव्हती, रक्त नव्हतं, भूक लागत होती, पण लग्नसराईत वाजंत्री ऐकू आली की ती दार लावून घ्यायची. दुसरी धवलारीण शोधा, असं तिने गावाला कळवून टाकलं. माझं लग्न ठरलं तेव्हा आई नारळ घेऊन तिच्याकडे गेली, मी मागे. मावशीने नारळाला हातच लावला नाही. पदर बाजूला करून पिशवी दाखवली. "ही बग. ही घेऊन मांडवात येऊ?"

आईने निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तुजा पिशवीत हाय, आमचा पोटात हाय. बाकीच्या बाया काय रिकाम्या बसतात मांडवात? भटजी तरी रिकामा येतो काय गो?"

मावशी अशी हसायला लागली की तिला दोन्ही हातांनी पिशवी धरावी लागली. आईही हसली, मीही हसले, आणि हसता हसता दोघी मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. नारळ कधी तिच्या मांडीवर गेला ते कळलंच नाही.

माझ्या हळदीला मावशी नवं हिरवं लुगडं नेसून आली आणि सरळ मांडवात बसली. मागे गेलीच नाही. मी पाटावर होते. तिने आवाज लावला, बायकांनी उचलला, हळद चढू लागली. "हलद कोनी दलली?" झालं, आणि बायका सवयीने तिथेच फिरायला लागल्या. हळद कोणी दळली, हळद कोणी दळली. मावशी दोनदा त्यांच्याकडे वळून बघते, पण त्या डोळे मिटून रंगलेल्या. शेवटी तिने मांडीवर थाप मारली. "अगो फुडं चला! मी हाय हितंच!"

मांडव नुसता उसळला. माझ्या तोंडात हळद गेली. मावशीने धवले संपेपर्यंत जागा सोडली नाही.

ती आता नाही. म्हातारपणाने, झोपेत, शांतपणे गेली. तिची आठवण आली की मला माझ्या लग्नाचा पाट आठवतो. लग्न लागून सगळं आटोपल्यावर ती माझ्या गालावर राहिलेली हळद पुसायला वाकली होती. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. कानाशी म्हणाली, "गो बाय, लगीन एवढा मोठा असतंय, मी इसरलीच व्हती. किती वर्सांनी अख्खा बगितला!"