आमच्या खोलीतलं फ्रेंच विमान

बाल्सा नावाचं एक हलकं लाकूड असतं. ते घासलं की पिठासारखी धूळ पडते. सकाळी पुसा, संध्याकाळी कपाटावर परत तेवढीच! आमच्या घरातले किस्से असेच साचतात. मी कमी बोलते, त्यामुळे माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात आणि माझ्याकडचा साठा वाढत जातो.

तर, लग्न होऊन मी डोंबिवलीहून बाळकुमला आले, तेव्हा आमच्या बेडरूममध्ये आधीच एक विमान राहत होतं.

सासरे, म्हणजे अण्णा, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर रिमोटवर उडणारी विमानं बनवायला लागले. सध्याचं विमान फ्रेंच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रेंच सैन्य ज्यावर पायलट शिकवायचं, त्या बायप्लेनची नक्कल. वर दोन पंख, खाली दोन पंख, आणि पसारा आमच्या डबलबेडएवढा.

अण्णांनी लग्नाआधीच शब्द दिलेला, "विमान एकदा उडालं की खोली तुमची. तोवर जरा ॲडजस्ट करा."

"पण उडणार कधी?" निखिलने, माझ्या नवऱ्याने, विचारलं.

"घाई करू नकोस. फ्रेंचांनाही पहिल्या खेपेला जमलं नव्हतं!"

*

लग्न मे महिन्यातलं. एका दुपारी मी पंखा लावला, तर अण्णा हॉलमधून धावत आले.

"पंखा नको! पंख वाळतोय!"

पंखांच्या कापडावर कसलंसं रोगण फासलेलं होतं आणि वाऱ्याने त्यावर धूळ बसली असती. निखिल घाम पुसत म्हणाला, "अण्णा, खोलीत चार पंख आणि एक पंखा. आणि वारा कुठूनच नाही!"

सासूबाई आत गेल्या आणि दोन हातपंखे घेऊन आल्या. "घ्या. हा पाचवा, हा सहावा."

*

अण्णांचे मित्र कांबळेकाका म्हणजे रिटायर्ड शिक्षक. विमानाच्या नकाशावरचं फ्रेंच मोबाइलमध्ये शोधून अण्णांना समजावणं हे त्यांचं काम. एकदा नकाशात मागच्या सीटपाशी लिहिलेला शब्द सोपा वाटला, म्हणून त्यांनी मोबाइल उघडलाच नाही. "मॉनिटर लिहिलंय," म्हणाले.

अण्णांनी दोन दिवस खपून मागच्या सीटवर इवलासा कम्प्युटरचा मॉनिटर बसवला. स्टँडसकट!

मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "अण्णा, तेव्हा कम्प्युटर होते?"

अण्णांनी कांबळेकाकांकडे बघितलं. काकांनी बशीकडे बघितलं. मग म्हणाले, "फ्रेंच फार पुढे होते हो!"

शेवटी निखिलने मोबाइल काढला. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ निघाला, शिकवणारा. पुढे शिकाऊ पायलट, मागे मास्तर.

कांबळेकाकांनी कपाळाला हात लावला. "आख्खा जन्म मास्तरकी केली, आणि मास्तरचाच टीव्ही करून टाकला!"

आता तिथे लाकडी मास्तर बसतो. काकांच्या आग्रहावरून त्याला चष्मा आहे.

*

विमान उडवायची जागा म्हणजे कोलशेतला खाडीच्या बाजूची पाटीलकाकांची मोकळी जमीन. काका तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. एका कडेला त्यांची वांगी.

पहिल्या दिवशी विमान सुटलं ते जमिनीवरूनच. धावलं, धावलं, चाक काही उचलेना! सरळ वांग्यांत.

पाटीलकाका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अण्णा, यो इमान हाय का टेम्पो?"

"मोटर कमी पडली. फ्रेंचांनीही मधे इंजिन बदललेलं."

"बदला की! पन वांगी माजी व्हती, फ्रेंचांची नाय!"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "उडालं की तुटलं? दोन्हीपैकी काहीही चालेल, खोली मोकळी होऊ दे!"

*

नवी मोटर बसवली, तर विमान धावता धावताच नाकावर आपटलं. पंख फाटले. नवं कापड हलकं, रेशमी हवं होतं. सासूबाईंनी आमच्या आहेरातली एक साडी पुढे केली. "ही कोणी नेसणार नाही. लावा."

पुढच्याच आठवड्यात साडी देणाऱ्या निखिलच्या आत्या हजर! चहा झाला, चिवडा झाला. मग, "सूनबाई, माझी साडी नेसलीस का गं?"

सासूबाई एकदम सांडशी शोधायला लागल्या. निखिल म्हणाला, "आत्या, घडी मोडली आहे. अगदी व्यवस्थित मोडली आहे."

आत्या हात धुवायला जाताना आमच्या खोलीत डोकावल्या. वर टांगलेल्या पंखाकडे बघत राहिल्या. "ही बुट्टी ओळखीची वाटते."

शेवटी मीच म्हणाले, "फ्रेंच डिझाइन आहे, आत्या."

"तरीच! आपल्याकडे एवढं नाजूक काम होत नाही."

त्या दिवसापासून अण्णा मला रोज कम्प्युटरवर विमान उडवायला शिकवायला लागले.

*

गेल्या महिन्यात शेवटचा प्रयत्न ठरला. शेवटचा, कारण अण्णांचा हात हल्ली थरथरतो. घरात कोणी तसं बोलत नाही, पण चहाची बशी वाजते तेव्हा सगळ्यांना ऐकू येतं.

सासूबाई पहिल्यांदाच मैदानावर आल्या. अण्णांनी रिमोट निखिलपुढे धरला. तो दोन पावलं मागे. "माझ्याकडून पडलं तर तुम्ही मला घरात घेणार नाही!"

मग अण्णा माझ्याकडे वळले. "ऋतुजा, तू धर. तुझा हात शांत आहे."

दोन रिमोट वायरने जोडले. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. मी चुकले तर त्यांनी बटण दाबून विमान ताब्यात घ्यायचं.

विमान धावलं. वांग्यांच्या अलीकडे चाकं जमिनीवरून उचलली. आत्यांच्या बुट्ट्या खाडीवरून वळून परत येत होत्या आणि अण्णा माझ्या कानाशी नुसते "हं... हं..." करत होते. मग म्हणाले, "आता आण खाली." विमान एकदा टुणकन उडी मारून जमिनीवर थांबलं.

अण्णा कांबळेकाकांना सांगत सुटले, "मी एकदाही बटण दाबलं नाही हां! एकदाही नाही!" चष्मा मात्र उगाचच पुसत होते.

सासूबाईंनी तिथूनच जाहीर केलं, "उडालं! खोली पोरांची!"

अण्णा शब्दाचे पक्के. घरी येताच त्यांनी विमान स्वतःच्या बेडरूममध्ये हलवलं. निखिलने आमची खोली झाडली, मी नवी चादर घातली. जेवणं झाल्यावर निखिल जांभई देत म्हणाला, "मी जरा पडतो." मीही ताटं भराभर आवरली.

दार लावणार तेवढ्यात सासूबाई समोर. काखेत उशी, हातात चादर. मला म्हणाल्या, "सरक गं जरा."

आणि निखिलला, "तू जा अण्णांकडे. शेपटाखाली एकाची जागा आहे."