बंद यंत्र आधी दाखवणाऱ्या अक्का

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात चहाचा दुसरा कप घेऊन बसलो होतो. "सर, आत्या गेल्या की ओ... सकाळी भाकरी खाल्ली, भिंतीला टेकून बसल्या, त्या बसल्याच." तिच्या सासूबाई, महादेवीअक्का. मी काय बोललो ते आठवत नाही. चहा तसाच राहिला एवढं आठवतं. आता दीड महिना झालाय. अक्कांनी मला काय दिलं ते नीट सांगावं, म्हणून हे लिहायला बसलोय.

अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला लागून त्यांचं गाव. परदेशी निधीवर चालणाऱ्या आमच्या संस्थेच्या कार्यक्रमात त्या शेळीपालन गटाच्या प्रमुख होत्या. शिक्षण चौथीपर्यंत, कपाळाला विभूती, घरात कानडी, आमच्याशी मराठी आणि शेळ्यांशी दोन्ही. मी तेव्हा नवा होतो, आणि इंग्रजी बरं म्हणून अहवाल माझ्या गळ्यात पडले होते. अशा कार्यक्रमांत एक रीत असते, एका देशात जमलेलं दुसऱ्या देशातल्या लोकांना दाखवायचं. रीत चांगलीच आहे. पण पाहुणे येणार म्हटल्यावर आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसं इथेही चालतं. ढकलणाऱ्यांत मी पहिला.

आमचा पसारा म्हणजे कडबा कुट्टीचं यंत्र. बायकांचा विळ्याने चारा तोडण्याचा त्रास वाचावा म्हणून ते आणलं आणि मारुतीच्या पारालगत शेड बांधून बसवलं. जागा मी निवडली. रस्त्यावरून देणगीदारांचा फलक दिसायचा, गाडी थेट दारात जायची. पारावर दिवसभर गावातली वडीलधारी मंडळी बसलेली असतात, आणि त्यांच्यासमोरून डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन एकही सून जाणार नाही, हे माझ्या गावीही नव्हतं. यंत्र गंजलं. मी अहवालात लिहिलं, 'यशस्वी प्रयोग'. आणि तो वाचून इथिओपियाहून सहा जण ते बघायला आले!

कार्यक्रमाला मुदतवाढ मिळायची होती, माझी नोकरी तिच्यावर लटकलेली. देणगीदारांचा अधिकारीही सोबत होता. मी ठरवलं होतं, शेळ्या दाखवायच्या, जेवण घालायचं, शेडवरून गाडी भुर्रकन न्यायची. पण अक्का रस्त्यात उभ्या. "आदी हितं उतरा. चांगलं काय, दुपारी बी दिसंल." त्यांनी शेडचं दार उघडलं, गंजलेल्या पात्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. पार, सुना, पदर, एकही पेंढी न कापलेलं यंत्र... "आमचं चुकलं. इचारलंच न्हाय कुणी, बाया हितं येतील का म्हणून." मी इंग्रजीत सांगितलं, यंत्र सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, माजं बोलणं येवढं लांबडं, तुमचं दोन शब्दात कसं उरकलं ओ? आन चूक ऐकून मानूस अशी मान हलवतंय व्हय? नीट सांगा त्यास्नी. लई लांबून आल्यात."

माझे कान तापले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. पण सहा जण वाट बघत होते, आणि अक्का हलेनात. मग मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. पाहुण्यांतली एक उंच बाई मोठ्याने हसली, मग गंभीर झाली. त्यांच्या गावात असंच यंत्र झाडाखाली बसवायचं ठरलं होतं, जिथे म्हातारे पुरुष न्यायनिवाड्याला बसतात. तिने तिथल्या तिथे वहीतला नकाशा खोडला आणि अक्कांचा हात हातात घेतला. अधिकारी मला एवढंच म्हणाला, की असं अहवालात का येत नाही? मुदतवाढ मिळाली. यंत्र अक्कांच्या घरामागच्या बोळात हललं, आणि चार दिवसांत तिथे बायकांची रांग लागली.

त्यानंतर मी कितीतरी देशांच्या लोकांना शिवारं दाखवली. दरवेळी जे फसलं ते आधी. आज मला या कामात जो काही मान आहे, तो त्या एका सकाळचा आहे, आणि तो अक्कांचा आहे. फक्त एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. 'आमचं चुकलं' असं त्या म्हणाल्या, त्या 'आमचं'मध्ये मी इतकी वर्षं आरामात लपून राहिलो.

गेल्या आठवड्यात गटाच्या बायका अक्कांसाठी त्यांच्या घरी जमल्या होत्या. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, आणि ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून म्हणालो, "पाराजवळची ती जागा मी निवडली होती. गटाने नाही, अक्कांनी नाही. मी."

कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. सुनंदाने डोळे पुसले. "म्हाईत हाय की सर, समद्यास्नी. आमी तवाच बोलणार हुतो, पर आत्यांनी गप बसवलं. म्हनल्या, ते सांगतील आपनहून, घाई करू नका."

मागच्या बोळात कुणीतरी यंत्र सुरू केलं. सुनंदा पदर खोचून उठली, तिच्या कडब्याचा नंबर आला होता.