गार तार

बगदादच्या सिनाआ रस्त्यावर हिकमतच्या भित्रेपणाला सगळे दुकानदार हसत. डिजिटल नाणी खणून करपलेली ग्राफिक्स कार्डं त्याच्याकडे पोत्यांनी येत, पण बिघडलेलं कार्ड तो थेट संगणकात खुपसत नसे. आधी मीटर लावून बघायचं. मग सुटा पॉवर सप्लाय घ्यायचा, त्याची हिरवी तार काळीला जोडून त्याला जागं करायचं आणि कार्डाच्या वाटेवर मोटारीचा दिवा बसवायचा. दिवा भगभगला तर कार्ड शॉर्ट, नाहीतर पुढे चला. हे सगळं एका हाताने; दुसरा खिशात. वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे निघाली तर वाटेत काळीज लागतं, असं तो म्हणे.

"निकाहालासुद्धा खिशात हात घालूनच बसला होता हा!" लुऐ गिऱ्हाइकांना सांगे. लुऐ म्हणजे हिकमतचा मेव्हणा आणि भागीदार. अंगाने आडदांड, गुडघ्याने अधू, तोंडाने फटकळ. आई लवकर गेली म्हणून नहलाने, म्हणजे हिकमतच्या बायकोने, या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

आता गंमत बघा. पॉवर सप्लायच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या चावत. या रस्त्यावर अर्थिंग कुणाच्या बापाने पाहिलंय? दोनच तारा येतात, एक गरम, वीज आणणारी; एक गार, वीज परत नेणारी. मग वीज सरकारी असो की गल्लीतल्या जनरेटरची. हिकमतने बोर्डातलं अर्थिंगचं रिकामं टोक गार तारेला जोडून टाकलं. मुंग्या गेल्या. आपण फार शहाणे, असं त्याला वाटलं आणि पुढे तो ते विसरूनही गेला.

तमूजचा, म्हणजे जुलैचा महिना, भरदुपार. सरकारी वीज सकाळपासूनच गेलेली. हिकमत तापाने घरी पडला होता. दुकानातून लुऐचा फोन आला. हिकमतला तो लेकीच्या नावाने हाक मारी: अबू रीम, रीमचा बाप.

"अबू रीम, आहेस का गेलास?"

"आहे अजून. काम कसं चाललंय?"

"झकास. जनरेटरवाल्या अबू दुर्गामने आज नवी केबल टाकली. पाण्याचा कूलर असा पळतोय, खाली तळं झालंय नुसतं! एवढंच, की तुझ्या मुंग्या परत आल्या. पॉवर सप्लायचा डबा मांडीवर घेऊन बसलोय, हात लावला की चावतात साल्या."

हिकमत उठून बसला. नव्या केबलीत तारा उलट्या लागल्या होत्या. गार होती ती गरम झाली होती आणि त्याने स्वतःच्या हाताने ती डब्याच्या पत्र्याला बांधून ठेवली होती. लुऐच्या मांडीवर सबंध वीज बसली होती. पायांखाली पाणी, वाचला होता तो रबरी चपलांवर. डाव्या कोपराशी त्याच पाण्यात उभं कूलरचं लोखंड. आणि हा माणूस कधीही उठला तर त्या कूलरवर हात टेकूनच उठायचा.

ऊठ म्हणावं तर तो हात टेकेल. डबा ठेव म्हणावं तर दोन्ही हातांनी धरेल. खरं सांगावं तर दचकेल. सध्या त्याचा एक हात फोनने अडवला होता, तेवढाच काय तो आधार.

"लुऐ, हलू नकोस. फोन ठेवू नकोस. मांडीवरचा हात डोक्यावर ठेव."

"का? शाळा भरलीय?"

"तुझ्या लग्नाचं बोलायचंय."

"अरे वा! ताप डोक्यात चढला वाटतं!" लुऐ खदखदून हसला. "मुलगी कोण?"

हिकमतने औषधाच्या पाकिटावर खरडून ते उशाशी बसलेल्या नहलापुढे धरलं: 'जनरेटर बंद करायला सांग. लुऐ मरेल.' नहलाने वाचलं. तिने आपला फोन घेतला, पलीकडच्या खोलीत गेली आणि ओरडली, "अबू दुर्गाम, दुकानाला आग लागलीय, लाइन तोड!"

"मुलगी कोण ते बोल ना," लुऐ म्हणाला. "हात अवघडला माझा."

"शिक्षिका आहे. हात डोक्यावरच ठेव. चिडकी आहे जरा."

"म्हणजे नहलासारखी. मग नको बाबा, मी आपला उठतो आणि..."

"बस खाली, गाढवा!"

तेवढ्यात फोनमधली कूलरची घरघर थांबली.

"लाइट गेली," लुऐ म्हणाला.

"प्लग काढ. डबा बाजूला ठेव. काढलास?"

"काढला. झालंय काय तुला?"

हिकमतने सगळं सांगितलं.

"अबू रीम," तो सावकाश म्हणाला, "माझ्या सांगण्यावरून तू ती तार शेजारच्या दुकानांतही बांधून दिली होतीस. फुकटात."

आणि कूलर पुन्हा घरघरू लागला. धूर दिसेना, लोक शिव्या देऊ लागले, म्हणून अबू दुर्गामने लाइन चालू केली होती.

"ओरड!" हिकमत किंचाळला. "सगळ्यांना ओरडून सांग!"

लुऐ लंगडत धावल्याचा आवाज आला. त्याने शेजारच्या दुकानातल्या कर्रारला हाक मारली. कर्रारने शिवी हासडली. हिकमतला ती शिवी दुआसारखी वाटली. मग त्यापुढच्या दुकानातला मुहन्नद, तोही करवादला. मग लुऐने तिसऱ्या दुकानातल्या सर्मदला हाक मारली.

पुन्हा मारली.

"सर्मद!" तो आता जवळून ओरडत होता. "अरे सर्मद, ओ दे ना रे!"