आतोबांची पपई

पपई या फळाला माझ्या आतोबांइतकं गंभीरपणे घेणारा माणूस साऱ्या पुण्यात दुसरा नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईकाला आधी झापायचं आणि मग रेडिओ उघडायचा, ही पद्धत त्यांनी शेवटपर्यंत पाळली. दुकान बंद करून ते वाघोलीला तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तेव्हा खिडकीपुढे चार हात माती मिळाली. तिथे त्यांनी पपई लावली.

लावली म्हणजे एका खड्ड्यात तीन रोपं. पपईत नर-मादी असतात आणि फुलं येईपर्यंत कोण कोण ते कळत नाही. दोन नर निघाले. त्यांच्या लांब देठांवर फुलांचे झुबके लोंबायला लागले तसे आतोबांनी दोन्ही कापून टाकले. "नुसता थाट, काम शून्य," असं म्हणून ते आरामखुर्चीत बसले आणि आत्याकडे चहा मागितला. आत्याने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, पण चहा दिला. पलीकडच्या बंगल्यात एखादा नर शिल्लक असावा, कारण उरलेल्या झाडाला फळं मात्र लगडली. फळ तयार होत आलं की ते त्यावर ब्लेडने उभ्या चिरा पाडायचे. चीक गळून गेला की गोडी येते, असं त्यांचं म्हणणं. मग ते फळ वर्तमानपत्रात गुंडाळायचे, तेही अग्रलेखाच्याच पानात, "कारण त्याचा दुसरा उपयोग नाही." पाहुण्याला फोडी मिळत, पण खाताना फोन पाहायची बंदी होती. मी एकदा पाहिला, तर समोरची बशीच उचलली गेली. "आपलं चालू द्या," म्हणाले.

पावसाळा सरताना कॉलनीत डेंगी यायचा आणि पाठोपाठ पपईची पानं मागणारी माणसं. पानांच्या रसाने प्लेटलेट वाढतात, यावर लोकांचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास. आतोबांचा काडीचा नव्हता. "शेळ्या रोज पाला खातात. त्यांच्या प्लेटलेट मोजल्यात का कुणी?" असं ते दारातच विचारायचे. तरी एक पान द्यायचे. दुसरं मागितलं की म्हणायचे, "अहो, झाड पानांवर जगतं. थोडी त्यालाही राहू द्या."

गेल्या वर्षी आत्यालाच डेंगी झाला. दवाखान्यात ठेवलं, तरी प्लेटलेट रोज खालीच. "उपचार चालू आहेत, तुम्ही फक्त बसा," असं डॉक्टरांनी सांगितलं. आतोबा दोन दिवस बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाले, "घरी चल." मला वाटलं, कपडे आणायचेत. त्यांनी कोयता घेतला आणि झाडाची सगळी पानं उतरवली, शेंड्याची कोवळीसुद्धा. खलबत्त्यात कुटून, गाळून रस थर्मासमध्ये भरला. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांपुढे चक्क हात जोडले. मला ते बघवेना. "दोन चमचे द्या, पण सलाइन थांबणार नाही," डॉक्टर म्हणाले. आत्याने एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा काही घेतला नाही.

आठ दिवसांनी आत्या घरी आली. उघड्या पडलेल्या झाडावरची फळं उन्हाने भाजून गळली, मग झाडही वाळलं. "पानांनी वाचवलं हो वहिनींना," शेजारी म्हणाले. "सलाइनने!" आतोबा खेकसले.

महिन्याभराने मी गेलो, तर बाजारातली पपई समोर आली. पाणचट होती, तरी आतोबा ती खात होते. शेवटी मी विचारलंच, "आतोबा, विश्वास नव्हता, तर सगळं झाड का ओरबाडलंत?"

त्यांनी हातातली फोड बशीत ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "तिथे नुसतं बसवत नव्हतं रे. तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे दुसरं होतं काय?"

आत स्वयंपाकघरात आत्या कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले. ती बाहेर आली नाही आणि आम्हीही तिला हाक मारली नाही.